दिल्या घरी पोचेपर्यंत

लेकीची पाठवणी करताना आपण तिची ओटी भरतो, डोळे पुसतो आणि 'दिल्या घरी नांद, बाई' असे म्हणतो. पूर्वी दिले घर म्हणजे पलीकडचे गाव, फार तर पुणे नाहीतर मुंबई. हल्ली ते साता समुद्रांपलीकडे असते. तिथले माप ओलांडण्याआधी एका परक्या सरकारला विचारावे लागते, "येऊ का?" आणि ते सरकार कधीकधी चक्क 'नाही' म्हणते!

आमच्या घरी हे 'नाही' २०२२ च्या डिसेंबरात आले. मार्गशीर्षातला गुरुवार होता. धाकट्या नणंदेने पूजा मांडली होती, आणि तेवढ्यात ईमेल आल्याचा आवाज झाला. तिचे लग्न होऊन वर्ष झाले होते. नवरा लंडनजवळ हाउन्स्लो नावाच्या भागात राहणारा, मूळचा इचलकरंजीचा. शिकायला म्हणून गेला, नोकऱ्या केल्या, दहा वर्षांहून जास्त काळ तिथे रीतसर राहिला आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळवला. हीथ्रो विमानतळाजवळ विमानातल्या प्रवाशांचे जेवण जिथे तयार होते, तशा एका मोठ्या स्वयंपाकघरात तो कामाला. लग्नाला तीन आठवड्यांची रजा काढून आला आणि गेला. बायकोने मागाहून यायचे, एवढेच काय ते बाकी होते.

त्या बाकीला पावणेदोन वर्षे लागली. २०२५ च्या मे महिन्यात मी आणि सासूबाई तिच्या बाळंतपणासाठी लंडनला जाऊन आलो. आल्यापासून ओळखीच्या बायका विचारतात, "राणीचा वाडा पाहिलात का? ते मोठं घड्याळ पाहिलंत का?" पाहिले ना! पण आमचा खरा लंडनचा प्रवास मिरज स्टेशनावर सुरू झाला होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात मजा नाही. शिवाय कुणा मैत्रिणीच्या घरी असेच नकाराचे पत्र आले असेल, तर तिला थोडा उपयोगही होईल.

पहिला अर्ज आम्ही एका एजंटामार्फत केला होता. त्याने कागद मागितले, आम्ही दिले. "काळजी करू नका, वहिनी, आपली शंभर माणसं गेलीत," असे तो म्हणाला. तो जून महिना होता. त्या काळात निकालाला चोवीस आठवडे लागतील असे सांगत. तेवढे लागलेही. आणि आला तो नकार. अर्जाची फी १,५३८ पौंड, म्हणजे आपले दीड लाखाच्या आसपास. ती परत मिळत नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी भरलेली रक्कम मात्र नकारानंतर परत येते. ती आली. एजंटाचा फोन तेवढा लागेनासा झाला.

पहिले चार दिवस घरात कुणी धड जेवले नाही. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या आणि नेमके विचारले, "अजून गेली नाही का हो?" सासूबाईंनी वाण पुढे केले आणि विषय बदलला. नणंदेची अवस्था तर विचारूच नका. महिनाभर सासरी इचलकरंजीला, महिनाभर माहेरी मिरजेला. सासरी तिच्या खोलीत नवऱ्याचे कपाट, आणि त्यात त्याचे शाळेतले कपडे! एके रात्री ती मला म्हणाली, "वहिनी, मी कुठली गं? सासरची की माहेरची?" मला उत्तर सुचले नाही. सासूबाई रात्री उठून देवापुढे बसायच्या. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तर सरळ सांगितले, "त्यालाच इकडे बोलवा. नाहीतर मोकळी करा पोरीला." हे ऐकून ती फोनवर नवऱ्याशी भांडली. दोघांचेही चूक नव्हते. पण दूर राहणाऱ्या माणसांना भांडण लवकर मिटवता येत नाही हे मला तेव्हा कळले. इथे रात्र झाली की तिथे संध्याकाळची पाळी सुरू व्हायची.

पाचव्या दिवशी आमचे हे ते पत्र छापून घेऊन आले. "आधी नीट वाचू तरी," म्हणाले. मी एका शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते, त्यामुळे वाचण्याचे काम माझ्याकडे आले. ओळीन् ओळ पेन्सिलीने खूण करीत वाचली. सरकारी भाषा, कलमांचे आकडे, मोठमोठी वाक्ये. पण दोनदा वाचल्यावर ध्यानात आले, की यात लग्न खोटे आहे असे कुठेच म्हटलेले नाही! हे लक्षात आले आणि घरात पहिल्यांदा चहाला साखर पडली म्हणा ना.

नकाराची कारणे दोनच होती. पहिले इंग्रजीचे. बायकोला इंग्रजी बोलता-ऐकता येते याचा दाखला लागतो. आयईएलटीएस नावाच्या परीक्षेचा कागद जोडला होता, पण त्याच नावाच्या परीक्षेचे वेगवेगळे प्रकार असतात आणि व्हिसासाठी ठरावीक प्रकारच चालतो. एजंटाने तिला नेहमीच्या परीक्षेला बसवले होते. दुसरे कारण जावईबापूंच्या पगाराचे. त्या वेळी नियम असा होता, की बायकोला आणणाऱ्याची कमाई वर्षाला निदान १८,६०० पौंड हवी. यांची एकवीस हजार होती. पण फेब्रुवारीत त्यांनी नोकरी बदलली आणि जूनमध्ये अर्ज गेला. एका ठिकाणी सहा महिने पुरे झाले नसतील, तर मागच्या बारा महिन्यांच्या कमाईचे सगळे पुरावे, जुन्या मालकाकडचे सुद्धा, द्यावे लागतात. एजंटाने चारच महिन्यांच्या पगारपत्रिका जोडल्या होत्या. कमाई होती, पण कागदावर दिसली नव्हती.

आता पुढे काय? दोन वाटा होत्या. एक म्हणजे अपील. परदेशातून अपील करायचे तर निकाल मिळाल्यापासून अठ्ठावीस दिवसांत करावे लागते. दुसरी वाट म्हणजे नव्याने अर्ज. त्याला मुदतीची अट नाही, दुसऱ्याच दिवशी केला तरी चालतो. पण फी पुन्हा सगळी! जावईबापू तिथल्या एका वकिलीणबाईंना भेटले. तिथे पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला द्यायचा तर वकील असावे लागते, नाहीतर सरकारी नोंदवहीत नाव असावे लागते. त्या बाईंनी सरळ सांगितले, "अधिकाऱ्याने कागद समोर असून चुकीचा निर्णय दिला असता, तर मी अपील करा म्हटले असते. इथे कागदच नव्हता. अपिलात महिनोन् महिने जातील. सहा महिने एकाच नोकरीत झाले आहेत, तेव्हा पुरे कागद जोडून नवा अर्ज करा." सल्ला पटला.

फी आणि दवाखान्याची रक्कम मिळून ३,४१० पौंड होत होते. साडेतीन लाखांच्या घरात! पहिल्या वेळचे कर्ज अजून फिटले नव्हते. इचलकरंजीच्या मंडळींनी निम्मे उचलले. उरलेल्यासाठी सासूबाईंनी काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून यांच्यापुढे ठेवल्या. हे "राहू दे गं आई" म्हणाले, तशा त्या एवढेच म्हणाल्या, "तिच्याच होत्या त्या. बाळंतपणात घालायच्या ठेवल्या होत्या. आधी जाऊ तरी दे तिला." पाटल्या गहाण पडल्या.

आम्ही कागद कसे लावले ते सांगते. मी एक निळी फाइल आणली आणि तिच्यात पाच कप्पे केले. प्रत्येक कप्प्यावर एकच प्रश्न लिहिला. तुमचे लग्न खरे आहे का? पोटापुरती कमाई आहे का? राहायला जागा आहे का? इंग्रजी येते का? मागे नकार का आला? कागद हातात आला की तो यातल्या कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे ते पाहायचे, आणि कुठलेच नसेल तर बाहेर ठेवायचा. पहिल्या वेळी लग्नाचा अख्खा अल्बम दिला होता. दीडशे फोटो! या वेळी पंधरा निवडले, आणि प्रत्येकामागे तारीख, ठिकाण, कोण कोण उभे आहे ते लिहिले. लग्नाचा दाखला, जावईबापूंच्या विमानाची तिकिटे, दरमहा पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, रोजच्या फोनची यादी. नकारानंतर ते जानेवारीत पंधरा दिवस येऊन गेले होते, त्याचेही पुरावे.

कमाईच्या कप्प्यात सहा महिन्यांच्या पगारपत्रिका, त्याच सहा महिन्यांचे बँकेचे उतारे आणि मालकाचे पत्र. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसून पगारपत्रिकेतली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम एकेक करून पट्टी ठेवून ताडून पाहत असू, वाण्याचे बिल तपासतात तशी. हे कागद अर्जाच्या तारखेच्या आधी अठ्ठावीस दिवसांपेक्षा जुने चालत नाहीत, म्हणून मालकाचे पत्र अगदी शेवटी मागवले. त्यात पगार किती, नोकरी कायमची की तात्पुरती, आणि हा पगार कधीपासून मिळतो, हे सगळे यायला हवे. जागेचे म्हणाल तर एका श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबाच्या घरात वरची एक खोली. स्वतंत्र खोली असली आणि घरात माणसांची दाटी होत नसली, की तेही चालते. घरमालकाचे तसे पत्र जोडले.

शेवटच्या कप्प्यात एक साधे पत्र: मागचा अर्ज कधी केला, का नाकारला गेला, आणि या वेळी त्या प्रत्येक कारणाला कोणता कागद दिला आहे. मागचा नकार लपवू नये, मैत्रिणींनो! अर्जात तसा प्रश्नच असतो. नकार आल्याने वाट बंद होत नाही. पण खोटे बोलल्याचे किंवा खोटा कागद दिल्याचे आढळले, तर दहा वर्षांपर्यंत दारे बंद होऊ शकतात.

इंग्रजीचा कप्पा माझ्या वाट्याला. नणंद बी.कॉम. आहे, पण मराठी माध्यमातून. पहिल्या पायरीची परीक्षा, फक्त बोलणे आणि ऐकणे. परीक्षकासमोर दोन उमेदवार एकदम बसतात आणि एकमेकांशीही बोलायचे असते. मग काय, आमच्या स्वयंपाकघरात इंग्रजीचे राज्य सुरू झाले! ती भाकरी थापतेय आणि मी विचारतेय, "व्हॉट आर यू डूइंग?" सासूबाई कडेला लसूण सोलत ऐकायच्या. एकदा नणंद अडखळली तर त्याच म्हणाल्या, "आय ॲम मेकिंग भाकरी, म्हण की!" परीक्षा मुंबईत झाली. जोडीला कुणी गुजराती मुलगी होती, तिचाही नवरा तिकडेच. दोघी 'माझे कुटुंब' या विषयावर बोलल्या, आणि बाहेर येऊन हिंदीत गळ्यात पडून रडल्या.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोटांचे ठसे द्यायला पुन्हा मुंबई. त्याच आठवड्यात आमच्याकडे एक लग्न होते, पण बोटांवर मेंदी असली तर ठसे नीट उठत नाहीत, म्हणून सासूबाईंनी तिला मेंदीच्या ताटाजवळ फिरकू दिले नाही. सगळ्या पोरींचे हात लाल, आणि नव्या नवरीसारखी हीच कोरी.

आम्ही दोघी महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. सुट्टीचे दिवस, डबा गच्च. निळी फाइल तिने उशाला घेतली होती. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून प्रतीक्षालयात तोंड धुतले, साडी नेसली, चहा घेतला आणि टॅक्सी केली. व्हिसा अर्ज केंद्र हे मला वाटले होते तसे साहेबाचे कार्यालय नव्हतेच. बँकेसारख्या खिडक्या, टोकन, गार हवा. तिथली माणसे फक्त कागद आणि ठसे घेतात. निर्णय इंग्लंडात बसलेला अधिकारी घेतो. समोरचा माणूस हसला म्हणून आशा धरू नये आणि तुसडा वागला म्हणून घाबरू नये. रांगेत नजर टाकली तर निम्म्या शिकायला जाणारी मुले, आणि बाकीच्या लग्न होऊन माहेरी अडकलेल्या पोरी. कुणाच्या हातात लाल चुडा, कुणाच्या गळ्यात काळी पोत. प्रत्येकीच्या मांडीवर एक फाइल. छातीच्या फोटोचा दाखला, तोही ठरवून दिलेल्या दवाखान्यातलाच आणि सहा महिन्यांच्या आतला लागतो, तो पुन्हा काढावा लागला होता. तो दिला, ठसे झाले, आणि वीस मिनिटांत आम्ही रस्त्यावर! "एवढंच?" ती म्हणाली. उसाचा रस प्यायलो आणि रात्रीच्या गाडीने परत.

मग वाट पाहणे. पाऊस आला, श्रावण आला (त्या साली अधिक मास होता, म्हणून श्रावणही लांबला), गणपती आले. गौरी बोळवल्या आणि तिसऱ्या दिवशी ईमेल आला. या वेळी वाचायचे धैर्य तिला होईना. मीच वाचला. "मिळाला गं!" एवढेच मला म्हणता आले. सासूबाई देव्हाऱ्यापुढे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. घटस्थापनेच्या आत ती गेली.

आता लंडन! विमानात नऊ-दहा तास बसून पाय सुजले. पण उतरायच्या वेळी खाली हिरव्या चौकोनांचे गालिचे दिसले आणि सासूबाईंची मान खिडकीकडे वळली ती वळलीच. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत म्हणून तुपातले लाडू घरी ठेवून कोरडा डिंक, अळीव, खारीक आणि सुंठ तेवढी नेली होती. पासपोर्ट पाहणाऱ्या बाईंनी विचारले, "कशासाठी आलात?" सासूबाईंनी मला उत्तर देऊच दिले नाही. "डॉटर. बेबी!" एवढेच म्हणाल्या. त्या बाई हसल्या आणि शिक्का पडला.

ज्या विमानतळावरून आम्ही अशा हसत बाहेर आलो, तिथेच १९७९ च्या जानेवारीत एका भारतीय बाईला काय सोसावे लागले ते आठवून माझ्या अंगावर काटा आला. ती पस्तिशीतली शिक्षिका. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या माणसाशी लग्न करायला आली होती. ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे ठरवायला तिची शारीरिक तपासणी करण्यात आली! वर्तमानपत्रात ती बातमी फुटली, दोन्ही देशांत गदारोळ झाला, आणि तो प्रकार बंद करावा लागला. त्याच सुमारास दुसरा एक नियम निघाला होता: लग्नाचा मुख्य हेतू विलायतेत येणे हा नाही, हे तुम्हीच सिद्ध करा. हे कुणी कसे सिद्ध करावे? तो नियम १९९७ साली रद्द झाला. मग २०१० मध्ये इंग्रजीची अट आली आणि २०१२ मध्ये कमाईची. म्हणजे उंबरठा तोच, माप तेवढे बदलत गेले.

हाउन्स्लो म्हणजे चित्रातले लंडन नव्हे. एकाला एक चिकटलेली विटांची बैठी दुमजली घरे, पुढे हातभर बाग, आणि डोक्यावरून इतकी खाली जाणारी विमाने की त्यांची चाके मोजता यावीत. सासूबाई पहिले दोन दिवस प्रत्येक विमानाला मान वर करायच्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सोडून दिले. रात्रीचे नऊ वाजत आले तरी उजेड. त्यामुळे दिवेलागण केव्हा करायची हा त्यांना मोठा प्रश्न पडला. शेवटी मिरजेच्या घड्याळाप्रमाणे करायचे ठरले. साडेचार तासांचा फरक, म्हणजे दुपारी अडीचलाच देवापुढे दिवा!

बाळ सरकारी इस्पितळात झाले. मुलगी. भरलेल्या रकमेमुळे बिल काही आले नाही. घरी आल्यावर सुईणबाई स्वतः दोनदा येऊन बाळाचे वजन करून गेल्या, एका लाल पुस्तकात नोंदी केल्या. सासूबाईंना त्याचे फार कौतुक. "आपल्याकडं पूर्वी असंच होतं," म्हणाल्या. पण त्यांनी ओव्याची धुरी द्यायला घेतली आणि छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली! खालची तमिळ मावशी धावत वर आली, आणि काय झाले ते कळल्यावर ती आणि सासूबाई एकमेकींची भाषा न कळता पोट धरून हसल्या. मावशीने खिडकी उघडून धुरी कशी द्यायची ते खुणेने दाखवले. तिनेही तिच्या सुनेला दिली होती.

भाजी आणायला आम्ही बसने साउथॉलला जायचो. तिथल्या स्टेशनावरची पाटी इंग्रजीबरोबर पंजाबीतही आहे. दुकानात मेथीच्या जुड्या, कारली, भेंडी, अळूची पाने. फुटपाथवर गरम जिलबी. तूपही मिळाले आणि डिंकाचे लाडू झाले. भाव मात्र रुपयात मोजू नये, घास उतरत नाही.

एका रविवारी जावईबापूंनी मला डॉलिस हिलला नेले. तिथे लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२ चे. आपला देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून माणसे तिथे मराठी बोलत आहेत! त्याच भागात १९७६ साली फोटो धुण्याच्या एका कारखान्यात आपल्या साड्या नेसणाऱ्या बायकांनी संप केला होता. जयाबेन देसाई ही गुजराती बाई त्यांची पुढारी. ऊन-पावसात दोन वर्षे त्या दारात उभ्या राहिल्या. संप यशस्वी झाला नाही, पण तिथली माणसे अजून त्यांचे नाव काढतात.

परतीच्या वाटेवर मला रखमाबाईंची आठवण झाली. १८८७ मध्ये मुंबईत इंग्रजांच्या कोर्टाने त्यांना हुकूम दिला होता, की नवऱ्याच्या घरी राहायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लहानपणी लावलेले लग्न मानायला त्या तयार नव्हत्या, आणि तुरुंग पत्करीन म्हणाल्या. पुढे याच लंडनात येऊन त्या वैद्यकी शिकल्या आणि सुरत, राजकोटला बायकांच्या डॉक्टर झाल्या. ज्या बाईला नवऱ्याकडे जायचे नव्हते तिला कायदा ढकलत होता. आमच्या नणंदेला जायचे होते तर तिला अडवत होता. मध्ये सव्वाशेहून जास्त वर्षे गेली. बाईला काय हवे, हे विचारायचे मात्र दोन्ही वेळा राहूनच गेले.

नणंद तिकडे सुखात आहे असे मी म्हणेन. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काही तास काम धरले होते, बाळ मोठे झाले की पुन्हा धरील म्हणते. पण तिची निळी फाइल अजून कपाटात वरच आहे. तिचा परवाना तेहतीस महिन्यांचा. मग मुदतवाढ, तिला इंग्रजीची वरची परीक्षा, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांनी कायमचे. बाळाला मात्र यातले काही नाही. बापाला कायम वास्तव्य असल्याने जन्मतःच ती तिथली नागरिक. "हिला विचारून राहावं लागणार बघ मला," नणंद हसत म्हणाली.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. ११ एप्रिल २०२४ पासून तिथली कमाईची अट १८,६०० वरून २९,००० पौंड झाली. फीही वाढली; २०२५ च्या एप्रिलमध्ये ती १,९३८ पौंड झाली, आणि दवाखान्याची रक्कम तेव्हा वर्षाला १,०३५ होती. आमचा दुसरा अर्ज एक वर्ष उशिरा गेला असता, तर कागद कितीही नीट लावूनही जावईबापूंच्या पगारात तो बसला नसता. लग्न तेच, माणसे तीच, प्रेमही तेच.

म्हणून ज्यांच्या घरी मुलगी तिकडे द्यायचे चालले आहे त्यांनी पत्रिकेबरोबर त्या साली लागू असलेले नियमही पाहावेत, ते सरकारच्याच माहितीतून, एजंटाच्या तोंडून नव्हे. नकार आलाच तर ते पत्र रागाने फाडू नये. ते चार दिवसांनी, पोट भरलेले असताना, हातात पेन्सिल घेऊन वाचावे. काय कमी पडले ते त्यातच लिहिलेले असते. आणि ती मुलगी त्या काळात ज्या घरी असेल, तिथे तिला 'कधी जाणार?' असे विचारू नये. भाकरी थापताना तिच्याशी चार शब्द इंग्रजीत बोलावे, तेवढाच तिला आधार.

सासूबाईंच्या पाटल्या गेल्या दिवाळीत सुटल्या. मे महिन्यात त्या आमच्याबरोबरच लंडनला आल्या होत्या, आणि येताना तिथेच राहिल्या.